चव्हाट्यावरचा बाक

आमच्या चुलतसासऱ्यांइतका बसण्यावर श्रद्धा असलेला, आणि स्वतः मात्र कधीही न बसलेला माणूस सगळ्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. जेवायला बसत तेवढंच. बाकी दिवसभर उभे. ओटीवर उभे, चव्हाट्यावर उभे, विडी ओढायची तरी खांबाला न टेकता उभे. मी या घरात येऊन काही वर्षं झाल्यावर ते दिल्लीहून परतले. तोवर घरात त्यांचा विषय निघालाच तर ‘तो एक तिकडं आहे’ एवढाच निघे. तरुणपणी ते माथेरानला एका साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करत. दिल्लीला राजधानी करायचं ठरलं तेव्हा त्या साहेबाची तिकडे बागांवर नेमणूक झाली, आणि त्यानं बंगल्यातल्या आवडत्या कुंड्या नेल्या तसेच काकांनाही नेलं. कुंड्या वाटेतच वाळल्या, आमचे भावजी तेवढे रुजले, असं माझ्या सासूबाई सांगत. काका त्यांचे धाकटे दीर, त्यामुळे त्यांना काय वाटेल ते बोलायचा हक्क सासूबाईंना होता आणि तो त्या रोज वापरत.

काका आले ते पितळी बटणांचा खाकी कोट घालून. बरोबर एक शिट्टी, बियांच्या काही पुड्या आणि एक लांब काठी. काठीच्या टोकाला खिळा होता. बागेत लोक कागद टाकतात ते न वाकता टोचून उचलायला ही काठी, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. आमच्या गावात कागद टाकणं दूरच राहिलं, कागद येणंच कठीण. तो असे शाळामास्तरांकडे आणि तलाठ्याकडे, आणि ते दोघंही तो जपून ठेवत. मग काका फणसाची पानं टोचत फिरत. माझे यजमान भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला होते, आठवड्यातून एकदा घरी येत. एकदा त्यांनी भजी आणली तर काकांनी भजी आम्हाला दिली आणि पुड्याचा कागद मागून घेतला. तो चव्हाट्यावर नेऊन टाकला, जरा मागे सरले, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग येऊन काठीनं टोचून उचलला. हाताची सवय जाता कामा नये, म्हणाले. शिट्टीचंही तसंच. दिल्लीत संध्याकाळी बाग बंद करताना शिट्टी मारत, म्हणून इथंही घाटातून ठाकुरवाडीकडे चढणाऱ्या संध्याकाळच्या गाडीचा आवाज आला की काका चव्हाट्यावर उभे राहून शिट्टी मारत. बाग नव्हती तेव्हापासून शिट्टी होती. चव्हाट्यावर रेंगाळणारी गुरं त्या वेळी आपापल्या गोठ्याकडे वळतच, पण काकांना वाटे ती शिट्टीनं वळतात. पुढे पुढे गुरांनाही तसंच वाटू लागलं, आणि शिट्टी ऐकल्याखेरीज ती हलेनात.

सुनेनं सासऱ्यापुढे बसायचं नाही, त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ते ओटीवर, मी माजघरात, मधे अर्धवट लोटलेलं दार. दुपारी सासूबाई जरा लवंडल्या की मी दाराआड तांदूळ निवडायला घेई, आणि काका ओटीवर उभे राहून, तोंड चव्हाट्याकडे करून, दिल्ली सांगत. राजधानी मी पाहिली ती अशी, दाराच्या फटीतून. चांदणी चौकात पूर्वी मधोमध पाण्याचा पाट वाहत असे आणि त्यात चांदणं पडे, म्हणून तो चांदणी चौक. आमच्या चव्हाट्यात मधोमध वाहायचं ते विहिरीवरचं सांडपाणी, आणि त्यात म्हशी पडत, पण काका त्यालाही चौकच म्हणत. नव्या दिल्लीत रस्त्यांच्या कडेनं झाडं आधी लावली, माणसं मागाहून आली. आणि रोशनआरा बाग ही त्यांची स्वतःची जागा, तिथं ते कितीतरी वर्षं पहाऱ्याला होते. ती बाग एका बादशहाच्या लेकीनं लावली आणि ती तिथंच, आपल्याच झाडांमध्ये, उघड्या आभाळाखाली पुरलेली आहे. हे सांगताना त्यांचा आवाज बारीक होई.

“बादशाची लेक ती,” ते म्हणत. “पन आता तिच्या बागंत कोन बसतं, सूनबाई? मोळी इकनारी बसते. मोळी उतरवून ठेवते नि घटकाभर नुसती बसते. तिला उठवायचं नाय, कायपन इचारायचं नाय. आपल्याकडं मानूस बसलेलं दिसलं का लोक इचारतात, काय झालं? बागंत इचारत नसतात.”

मी एकदा धीर करून दाराआडून म्हटलं, की मीसुद्धा दिवसभर बसलेलीच असते. पहाटे जात्याशी, मग चुलीशी, मग विळीशी, मग सुपाशी. काका मग म्हणाले, ते बसणं नव्हे, ते कामाला बसणं. नुसतं बसलेल्या माणसाचं तोंड वेगळं दिसतं. कसं, ते त्यांना सांगता येईना. पण आपल्या चव्हाट्यावर असं एक तोंड एकदा तरी पाहायचं, एवढी एकच इच्छा घेऊन ते दिल्लीहून आले होते, हे मला त्या दिवशी कळलं. मला त्यांची कीव आली. आमच्या गावात तसं तोंड कुठून आणायचं?

चव्हाट्याला लागून आमची राबाची जागा होती. भाताचं रोप वाढवायच्या जमिनीवर आमच्याकडे शेण, टहाळ, पालापाचोळा असे थर अंथरतात आणि उन्हाळ्यात ते जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. तण मरतं आणि त्या राखेत रोप जोमानं येतं. ही जागा काकांनी बागेसाठी मागितली. सासूबाईंनी महिनाभर ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मग एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाल्या, की घ्या वर्षभर, राब दुसरीकडं भाजू. पण पुढची लावणी होईतो एक तरी माणूस तिथं येऊन सुखानं बसलं पाहिजे. नाही बसलं तर जागा माझी.

काकांनी मधोमध मोठा गोल आखला, कडेनं चुन्यानं रंगवलेले दगड मांडले, भोवती तांबड्या मुरमाची वाट केली. आणि हिरवळीसाठी त्यांनी लावलं काय, तर हरळी. जी हरळी शेतातून उपटता उपटता आमच्या सगळ्या बायकांच्या कंबरा गेल्या, तीच हरळी ते शेजारणीपाजारणींकडे जाऊन हात जोडून मागू लागले. ही बातमी पसरली तशी लोक आपण होऊन हरळीचे भारे डोक्यावर घेऊन येऊ लागले. शेजारच्या गावाहून एकजण तर गाडी भरून घेऊन आला आणि काकांचे पाय धरून गेला. त्या वर्षी गावची शेतं जितकी स्वच्छ निघाली तितकी कधी निघाली नव्हती. सासूबाई दारात कपाळाला हात लावून उभ्या होत्या. “भावजी,” त्या म्हणाल्या, “जी काडता काडता मी म्हातारी झाले, तिला तुमी पानी घालता? उद्या उंदीर पाळा.” काका म्हणाले, वहिनी, दिल्लीत लाटसाहेबाच्या पायाखाली हीच आहे.

मग बाक आला. कुठून तरी त्यांनी रेल्वेच्या रुळाखालचा एक जुना लाकडी स्लीपर मिळवला आणि दोन दगडी खांबांवर बसवला. गोलाकडे तोंड करून, पाठीशी आमचं घर. पहिल्याच दिवशी एक दमलेला वाटसरू त्यावर टेकला. तोच समोरच्या घरातली बाई धावत आली, काय झालं, घेरी आली का, कांदा हुंगवू का. तो बिचारा घाबरून उठला आणि चालायला लागला. तो बसला असं धरायला सासूबाई तयार नव्हत्या, कारण पुरता टेकलाच नव्हता. गावची पुरुषमंडळी येत, पण ती बाकासमोर जमिनीवर उकिडवी बसत आणि बाकावर आपली पागोटी ठेवत. इतक्या चांगल्या लाकडावर बूड कसं ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. काका त्यांना “बैठिए, बैठिए” म्हणून विनवत, तर ती उठून घरीच जात. सासूबाईंनी एकदा त्यावर कैरीच्या फोडी वाळत घातल्या तर काकांनी इतक्या जोरानं शिट्टी मारली की भर दुपारी गुरं घरी आली. बायकांचा तर प्रश्नच नव्हता. ज्या बागेच्या कडेला गावातला म्हातारा माणूस दिवसभर उभा, तिथं त्याच्यासमोर उंच जागी बसेल अशी सून किंवा लेक आमच्या बाजूला जन्मलेली नाही. काकांना हे कुणी सांगायचं? आपण पहारा देतो म्हणून बाग शाबूत आहे असं त्यांना वाटत होतं. आपण पहारा देतो म्हणूनच ती रिकामी आहे हे मला दाराआडून दिसत होतं, पण ते बोलायला मला तोंड नव्हतं.

उन्हाळा आला. हरळी उन्हानं करपायला लागली तेव्हा काकांनी तिला वाचवायचं ठरवलं. दिल्लीच्या उन्हात करत तसं, म्हणाले. आधी शेणाचा पातळ थर, त्यावर बारीक टहाळ, त्यावर सुकला पाला, वर थोडं गवत, आणि उडून जाऊ नये म्हणून जागोजाग मातीची ढेकळं. हे सगळं त्यांनी वाकून वाकून, कडेच्या पांढऱ्या दगडांना स्पर्श होऊ न देता, इतकं सारखं अंथरलं की वरून पाहणाऱ्याला घडी घातलेलं कांबळं वाटावं. ते संपवून ते विहिरीवर अंघोळीला गेले.

त्याच सकाळी बुधी डोंगरातून उतरली. बुधी वरच्या वाडीतली ठाकरीण, आमचा राब दर वर्षी तीच लावायची आणि तीच भाजायची. त्या साली ती दिवाळीपासून लाकूडतोडीला रानात गेलेली, बाग, हरळी, यातलं तिला काही माहीत नव्हतं. नेहमीच्या जागी नेहमीसारखा राब, तोही कुणी तरी आयता लावलेला पाहून तिला आनंदच झाला. वारा बघून तिनं एका कडेनं काडी लावली आणि आत येऊन मला म्हणाली, “असा राब कुनी लावला गं, बाय? माज्या बापाला पन असा जमला नाय कदी.” मी सुपासकट उठले. पण सुकल्या पाल्याला वेळ किती लागतो?

काका ओल्या पंच्यानं धावत आले तेव्हा गोल पुरता पेटला होता. बुधी हातातल्या टहाळीनं ठिणग्या मारत उभी होती, आणि शाबासकीची वाट बघत होती. काकांनी शिट्टी तोंडाला लावली, पण वाजवली नाही.  मग म्हणाले, “कडंनं पानी मार गं, दगड तडकतील.” इतकंच. बुधीवर रागावले नाहीत. संध्याकाळी ओटीवरून मला म्हणाले, दिल्लीत हे झालं असतं तर एकाची नोकरी गेली असती. मी विचारलं, कुणाची. “माजी,” ते म्हणाले. “पहारा माजा व्हता.” त्यानंतर कितीतरी दिवस शिट्टी वाजली नाही. गुरं अंधार पडला तरी चव्हाट्यावर घराकडे तोंड करून उभी राहत, आणि लोकांना दोऱ्या घेऊन आपापलं जनावर न्यायला यावं लागे. बुधीला खरं कळलं तेव्हा ती माझ्यापाशी येऊन बसली. तिची काय चूक? राबासारखा दिसतो तो राबच, म्हणाली.

राख झालीच आहे तर फुकट का घालवायची, असं सासूबाई म्हणाल्या आणि त्या गोलात भात पेरायला लावलं.  बाक मात्र लावणीपर्यंत राहू दे, एवढंच काकांनी मागितलं. बोली लावणीपर्यंतचीच होती. सासूबाईंनी त्या फळीसाठी गोठ्याच्या दारात जागा हेरून ठेवली होती.

आणि ते रोप आलं. आमच्याकडे रोप दर वर्षी येतं, आम्ही त्याच्याकडे कधी बघत नाही. किती गुंठ्यांना पुरेल एवढंच बघतो. पण काळ्या पडलेल्या दगडांच्या गोलात, मधे एकही रिकामी जागा न सोडता, सगळं एका उंचीचं, वारा आला की एकदम कलणारं असं ते रोप पाहायला माणसं थबकू लागली. काका पुन्हा येऊन वाटेवर उभे राहिले. डोक्यावर घोंगडी, हातात काठी. शिट्टीही वाजू लागली. दाराआडून मला म्हणाले, की असा गालिचा रोशनआरा बागेतसुद्धा कधी झाला नव्हता. पण आता तो चार दिवसांचा सोबती. लावणीला उपटायचाच. आणि बाकावर अजून कुणी बसलं नव्हतं.

लावणीच्या दिवशी मी अंधारात उठून दळण, स्वयंपाक उरकून शेतावर गेले. बुधी आणि दोघीतिघी गोलातलं रोप उपटून मुठी बांधत होत्या, आणि त्या मुठींचे भारे डोक्यावरून खाचरात पोचवायचं काम माझ्याकडे होतं. अंगावर इरलं. बांबूच्या कामट्यांवर पळसाची पानं लावलेलं हे इरलं पाठीवर घेतलं की पावसाचं भय नाही, आणि कोण जातंय हेही पुढून मागून कळत नाही. किती खेपा झाल्या ते आठवत नाही. दुपारच्या सुमारास रिकामी परत येताना मी त्या बाकापाशी पोचले, आणि माझे पाय थांबले. बसायचं असं मी काही ठरवलं नव्हतं. बोलीची आठवणही त्या वेळी मला नव्हती. मी फक्त बसले, इरल्यासकट.

काका गोलाच्या पलीकडे, आंब्याखाली उभे होते. त्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता उठावं लागणार. पण ते जागचे हलले नाहीत. ज्या तोंडाची त्यांनी इतकी वाट पाहिली ते इरल्यात होतं, चार पावलं पुढे येऊन वाकले असते तर दिसलं असतं, पण ते आले नाहीत. उलट त्यांनी पाठ फिरवली. मग, दिल्लीहून आल्यापासून जेवणाखेरीज पहिल्यांदाच, आंब्याच्या मुळीवर खाली बसले. तोंड पलीकडे करून. बसता बसता बुधीला हळू आवाजात म्हणाले, “बाकासमोरचं ऱ्हाऊ दे. बसल्या मानसाला बगायला काय तरी पायजे.” बुधीनं माझ्या पायांकडे पाहिलं. पायांतली जोडवी ती ओळखत होती. “बरं काका,” ती म्हणाली, “पल्याडनं घेतो.” आणि समोर एक हिरवा पट्टा तसाच ठेवून त्या सगळ्या दुसऱ्या बाजूनं उपटत राहिल्या. मी बघत बसले. काय बघितलं म्हणाल तर रोप. इरल्याची पुढची कड मोडून डोळ्यांवर आली होती, त्यामुळे तेही सगळं दिसलं नाही. पण पाय आहेत हे विसरले होते, आणि कुणी काही विचारलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर काका ओटीवरून म्हणाले, “वहिनी, बसली.”

“कोन?” सासूबाईंनी विचारलं.

“इचारलं नाय. इरलं व्हतं. बागंत इचारत नसतात.”

सासूबाई सुपारी कातरत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही. “बसली तर बसली,” म्हणाल्या. “मंग ऱ्हाऊ दे ती फळी तितंच.”

त्या हिवाळ्यात काकांनी अंथरूण धरलं. उभं राहणं संपलं तेव्हा ते कोटासकट ओटीवर आडवे झाले, आणि संध्याकाळची गाडी घाटात वाजली की पडल्या पडल्याच शिट्टी मारत. ती आता चव्हाट्यापर्यंत जेमतेम पोचे, पण गुरं कान देऊन असत. बुधी पुढच्या राबासाठी पाला गोळा करत होती तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, सासूबाई झोपलेल्या, मी दाराआड. काकांनी हाक मारली. “सूनबाई, आपल्या घरच्या इरल्याची पुडची कामटी मोडली हाय. त्या दिशी त्या बाईच्या डोळ्यांवर येत व्हती. बुधीकडनं नीट करून घे. तिला समोरचं दिसलं पायजे.”

मी दार थोडं आणखी उघडलं, एवढंच.

लावणीला काका नव्हते. राब भाजला तो गोलच, बुधी चौकोनी करायला तयार होईना. इरल्याला तिनं नवी कामटी घातली होती. दुपारी मी रिकामी परत येत होते आणि बाकापाशी माझे पाय थांबले. बाकाच्या खांबांशी थोडी हरळी पुन्हा फुटली होती, ती बुधीनं खुरपली नव्हती. आणि गोलातलं सगळं रोप उपटून झालं होतं, पण कुणी न सांगता तिनं समोरचा पट्टा तेवढा ठेवला होता. मी बसले. या खेपेला सगळं दिसलं. बांधावरून सासूबाईंनी विचारलं, “काय झालं गं?”

मी म्हटलं, काही नाही, बसलेय.